बारा बाय आठचा सूर

मंगला गौरी, वाराणसी
९ ऑगस्ट २०२४

श्री. काशीनाथ गायधनी यांस,
शरदिनी पुणतांबेकरचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचं नाव-पत्ता मला आमच्या ह्यांच्या वहीत सापडला. हे म्हणजे बिंदुमाधव पुणतांबेकर. विद्यापीठाच्या वर्कशॉपात इन्स्ट्रक्टर होते आणि रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचे. तुमच्या दुकानातून पोस्टानं सामान मागवायचे, म्हणजे नाव आठवत असेल. गेल्या वर्षी देवदिवाळीच्या चार दिवस आधी ते गेले.

माणूस इतका शिस्तीचा की जाताना सगळं उरकून गेला. नळाचा वायसरसुद्धा बदललेला. एकच काम राहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, "नवा प्रॉप कुठला? गायधनींना विचारणे." म्हटलं, आपण विचारावं.

तर विचारते. विमान कोलांट्या मारणारं आहे. पंख साडेपाच फूट. इंजिन साठ नंबरचं. पुढचा पंखा तुटलेला आहे आणि त्यावरचे आकडे पुसले गेलेत. वर्षश्राद्धाच्या सुमारास गंगेच्या पलीकडच्या रेतीवर ते एकदा उडवावं असं मनात आहे. हे थंडीत रोज सकाळी तिथेच जायचे. कुठला पंखा लावू?

फोन नंबर दिलेला नाही, तो मुद्दाम. चिठ्ठीच लिहा. आणि मराठीत लिहा, आजकल सगळे हिंदीत नाहीतर इंग्रजीत सुरू होतात.

आपली,
शरदिनी पुणतांबेकर


देवळाली कॅम्प
१९ ऑगस्ट २०२४

श्रीमती शरदिनीबाईंस,
नमस्कार.

पंखा छताला असतो. विमानाला असतो तो प्रोपेलर. आम्ही प्रॉप म्हणतो, तुमचे यजमानही तेच म्हणायचे.

पुणतांबेकर चांगले आठवतात. सामान मिळालं की पोचपावतीचं कार्ड टाकणारे गिऱ्हाईक साऱ्या हिंदुस्थानात ते एकटे. गेल्याचं वाचून वाईट वाटलं. शेवटचं कार्ड आलं त्याला सात वर्षं झाली असतील. माझं दुकान सहा वर्षांपूर्वी बंद झालं. उरलेला माल गॅलरीत खोक्यांत आहे.

आता मुद्द्याचं. प्रॉपवर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. साठच्या इंजिनाला अकरा बाय सात चालतो, अकरा बाय आठ चालतो, बारा बाय सहा चालतो. सरळ सुसाट जायचं असेल तर एक, उभं वर चढून गोल कोलांटी घ्यायची असेल तर दुसरा. सायकलच्या गिअरसारखं समजा. एकच प्रॉप सगळ्याला चालतो असं सांगणारा दुकानदार चोर समजावा.

विमानाचं वजन किती? उडवणार कोण? हे खेळणं नाही, बोट जाईल. इंजिन चालू असताना प्रॉपच्या समोर किंवा बाजूला उभं राहायचं नाही, मागेच राहायचं. पहिलं हे पाठ करा.

माझं नाव काशीनाथ असून मी काशी पाहिलेली नाही. लोक हसतात, तुम्हीही हसा.

का. रा. गायधनी


मंगला गौरी
२८ ऑगस्ट २०२४

काशीनाथजी,
नमस्कार.

हसले. आईबापांनी नाव ठेवलं ते तिकिटाच्या भरवशावर ठेवलं होतं की काय? सत्तरी तरी उलटली असेल ना तुमची? आता कधी येणार, खांद्यावरून?

रागावू नका. आमच्या गल्लीत थट्टेशिवाय कोणी कोणाशी बोलत नाही, सवय लागते.

वजन सव्वातीन किलो, वहीत आहे. उडवेल आमचा ओजस. मुलगा आहे, बंगलोरला असतो, लहानपणी ह्यांच्याबरोबर रेतीवर जायचा. सूनबाई हिमानी लखनौची. पोर गुणी आहे. घरात त्यांची हिंदी चालते, ओजसची मराठी आता सुटलीय.

सध्या रेतीचा पत्ता नाही. गंगा इतकी चढलीय की शिंदे घाटाच्या कललेल्या देवळाचं नुसतं शिखर दिसतंय. मणिकर्णिकेवर खाली जागा नाही, तर प्रेतं वर छतावर जाळताहेत. आमच्या गल्लीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, काल उतरलं.

तुमची चिठ्ठी मी तीनदा वाचली. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचली. खरं सांगू का, नऊ महिन्यांत ह्या घरात मराठी शब्द उमटला तो त्या दिवशी. पूर्वी ह्या बाजूला आमची कितीतरी घरं होती. लेले गेले पुण्याला, वझ्यांनी घर विकलं, पाठकांची पोरं मराठीत फक्त "आई" म्हणतात. मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गाणं शिकवलं, तेही हिंदीत. मराठी बोलायला एकच माणूस होता आणि आम्ही ती दिवसभर बोलायचो, भांडायचोसुद्धा मराठीत. आता भाजी चिरताना मी स्वतःशीच बोलते आणि स्वतःच गप्प बसते.

तेव्हा प्रॉपबद्दल लिहा. सविस्तर लिहा. तुमचं ते "चोर समजावा" फार आवडलं.

शरदिनी


देवळाली कॅम्प
१० सप्टेंबर २०२४

शरदिनीबाई,

एकाहत्तर. खांद्यावरून यायला अजून अवकाश आहे.

सोबतच्या खोक्यात दोन प्रॉप आहेत. बारा बाय सहा आणि बारा बाय आठ. दोन्ही लाकडी, दोन्ही तोलून बघितलेत. व्यास एकच ठेवलाय, पिच वेगळं, म्हणजे फरक नेमका कळेल. पिच म्हणजे काय ते समजवायला पान पुरणार नाही. दोन्ही लावून इंजिन जमिनीवरच चालवा. तुम्ही गाण्याच्या बाई, म्हणजे कान माझ्यापेक्षा चांगले. आवाजात काय फरक पडतो तो लिहून कळवा. त्यावरून सांगतो.

बोटानं फिरवून सुरू करू नका. मागून उभे राहा.

तुमच्या मराठीत हिंदी फार शिरलीय. "आजकल" नव्हे, "हल्ली". "चिठ्ठी" चालेल.

का. रा. गा.


मंगला गौरी
२४ सप्टेंबर २०२४

काशीनाथजी,

हल्ली, हल्ली, हल्ली. घ्या. आमचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी पोथ्या घेऊन इथे आले, तेव्हा तुमच्या देवळालीत कॅम्प होता का? आमच्या मराठीला नावं ठेवता!

खोकं मिळालं. किती सुंदर प्रॉप हो. मी दिवसभर हातात घेऊन बसले होते. लाकडाला वार्निशचा वास अजून येतोय.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. ओजस आला होता, तीन दिवसांची सुट्टी काढून. हिमानीपण आली होती. छतावर विमान दोरीनं बांधलं. आम्ही तिघं मागेच उभे होतो, काळजी नको. आधी बारा बाय सहा लावला. काय मोकळा आवाज! गळ्यात कफ नसलेल्या माणसाचा असतो तसा. मी पेटी काढून ताडून बघितला, बरोबर काळी दोन. मग बारा बाय आठ लावला, तर सूर चढत चढत थेट काळी चारला जाऊन बसला. शेजारची कबुतरं उडाली, वरच्या मजल्यावरचे मिश्राजी ओरडले, ओजस तर पोट धरून हसत होता.

मला आपला बारा बाय आठ बरा वाटतो. तुमचं काय मत? आणि तेरा बाय चार असा काही असतो का? असल्यास त्याचे गुणदोष लिहा. घाई नाही, पण भरपूर लिहा. गेलं पत्र फार आखूड होतं. पोस्टमन आला की मी जिना उतरून खाली जाते, एवढं तुमच्या लक्षात असू द्या.

शरदिनी


देवळाली कॅम्प
५ ऑक्टोबर २०२४

श्रीमती पुणतांबेकर,

प्रॉप एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल, त्याला पिच म्हणतात. स्क्रूचे आटे असतात तसं. बारा बाय सहा एका फेऱ्यात सहा इंच सरकतो, बारा बाय आठ आठ इंच. आठवाल्याला हवा जास्त कापावी लागते. इंजिनावर ओझं वाढतं, फेरे कमी होतात. फेरे कमी झाले की आवाज उतरतो.

उतरतो. चढत नाही. जगातल्या कुठल्याही इंजिनाचा चढत नाही.

तुम्ही काळी दोनवरून काळी चार लिहिलंत. पेटीवर ताडून बघितला म्हणता. आठ हा आकडा सहाहून मोठा, म्हणून सूर वर नेऊन ठेवलात, असंच ना? पिच म्हणजे तुमच्या गाण्यातली पट्टी वाटली तुम्हाला.

एकतीस वर्षं गाणं शिकवलेल्या बाईला उतरलेला सूर चढलेला ऐकू येत नाही. म्हणजे एकतर तिथे इंजिन नाही, नाहीतर कान नाहीत.

चाळीस वर्षं मी ह्या धंद्यात काढली. लोकांनी उधारी बुडवली, माल फोडून परत पाठवला, पण खोटा आवाज लिहून कोणी पाठवला नव्हता. गॅलरीतली खोकी उपसून मी ते दोन प्रॉप शोधले. दीड दिवस लागला. माझी थट्टाच करायची होती तर ती एका ओळीत झाली असती.

का. रा. गायधनी


मंगला गौरी
१४ ऑक्टोबर २०२४

काशीनाथजी,

दोन्ही नाहीत.

इंजिनही नाही आणि कानही नाहीत. तुम्ही रागात लिहिलंत आणि अगदी बरोबर लिहिलंत. पत्र वाचून मी आधी हसले आणि मग पदर तोंडाला लावून रडले.

कानांचं आधी सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी तंबोऱ्याची जवारी कमी ऐकू यायला लागली. मला वाटलं तारा जुन्या झाल्या. मग मुली बेसूर गाताहेत असं वाटायचं आणि मी त्यांना झापायची. बिचाऱ्या सुरात असायच्या. पुढे कुकरची शिट्टी गेली, घंटा गेल्या, हाक गेली. यंत्र लावून पाहिलं, नुसती खरखर. शेवटी एकच आवाज उरला होता, ह्यांच्या इंजिनाचा. हे छतावर इंजिन लावायचे आणि मला हातानं खूण करायचे, येतंय का? मी मान हलवायची. मग मुद्दाम रोज संध्याकाळी लावायला लागले. मिश्राजींशी त्यावरून तीनदा कडाक्याचं भांडण झालं. एका संध्याकाळी मी नुसताच धूर पाहिला. इंधनातल्या एरंडेलाचा वास आला, पंखा फिरताना दिसला, आणि काही नाही. तरी मी मान हलवली. त्यांना कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लावलं नाही.

आता इंजिनाचं. ते गंगेत आहे. मणिकर्णिकेवर सगळं झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही नावेतून मधल्या धारेला गेलो. अस्थींच्या मडक्यावर कपडा बांधलेला होता, मडक्यात मी आदल्या दिवशी इंजिन ठेवलं होतं. ओजसला सांगितलं नव्हतं. नाव वल्हवणारा मल्लाह म्हणाला असावा की जड आहे, कारण त्यानं हातानं तसं दाखवलं. मला वाटलं, माझ्या उपयोगाचं ते नाही, आणि त्यांना तिकडे करमायचं नाही. वेडेपणा म्हणा. त्या क्षणी तेच योग्य वाटलं, आजही वाटतं.

म्हणजे बैठकीत टांगलेलं विमान बिनइंजिनाचं आहे. वहीतली ती ओळ मात्र खरी आहे. ओळ पुरी करायची एवढंच डोक्यात होतं. तुमचं उत्तर आलं, ते मराठीत आलं, आणि मला पुढचं पत्र हवंसं झालं. विमान उडवायचंच नाही म्हटलं असतं तर तुम्ही कशाला लिहिलं असतंत? म्हणून वर्षश्राद्धाचं सांगितलं. म्हणून काळी चार लिहिली.

ओजस आला नव्हता. गेल्या डिसेंबरपासून आलेला नाही. तो वाईट नाही. दर रविवारी मोबाइलवर तोंड दाखवतो, ओठ हलवतो, मी हसते, तो हसतो. मग हिमानी हिंदीत लिहून पाठवते, "मम्मी जी खाना खाया?" मी लिहिते, खाया. त्या पत्रात मी त्याला पोट धरून हसवलं, ते लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

थट्टा नव्हती हो. तुमच्या दीड दिवसाची मला लाज वाटते. माफ करा, आणि रागानं का होईना पण लिहा.

शरदिनी


मंगला गौरी
१२ डिसेंबर २०२४

काशीनाथजी,

दोन महिने झाले. वर्षश्राद्ध पार पडलं. ओजस दोन दिवस आला होता, ह्या वेळी खरंच. मंत्र कानांवर पडले नाहीत पण गुरुजींच्या हाताकडे बघून कुठवर आलंय ते कळत होतं. जेवायला बारा माणसं होती, एकालाही मराठी येत नव्हती. पुरणपोळीला सगळे "मीठी रोटी" म्हणत होते, तेवढं मला अंदाजानं कळलं.

तुमचे दोन्ही प्रॉप माझ्याकडे आहेत. ते मी आपणहून परत पाठवत नाही. तुम्ही मागा, म्हणजे पाठवीन. मागण्यासाठी तरी एक पत्र येईल.

पोस्टमनला आता मी विचारत नाही. तोच खालून हात हलवून "नाही" म्हणतो.

शरदिनी


देवळाली कॅम्प
२ जानेवारी २०२५

शरदिनीबाई,

राग आठ दिवसांत गेला होता. प्रॉप ठेवा.

लिहिलं नाही, कारण हात. उजव्या हाताला कंपवात आहे. तीन वर्षं झाली. तुम्हाला वाटतं पत्र आखूड, मला ते लिहायला चार-चार दिवस लागायचे. पिच समजवायला पान पुरणार नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. पान पुरलं असतं, हात पुरला नसता. तेव्हाच नीट लिहिलं असतं तर तुमची काळी चार झाली नसती. तेव्हा चूक माझीही.

ऑक्टोबरनंतर हात जास्त बिघडला. हे पत्र चोवीस डिसेंबरला सुरू केलंय. अक्षर बघताच आहात.

मी विमान उडवणं तीन वर्षांपूर्वीच सोडलं. रिमोटच्या दोन्ही काड्यांवर अंगठे स्थिर लागतात. हल्ली सगळं बॅटरीवर आलंय, तयार मिळतं. कुठला प्रॉप लावू असं कोणी विचारत नाही. सहा वर्षांत तुमचं पहिलं पत्र. ते आलं त्या दिवशी मी दाढी केली.

पत्नी प्रभावती गेली तेव्हा दुकान बंद केलं. मराठीचा तोटा नाही माझ्याकडे. बाहेर सगळे मराठीच बोलतात. बोलायला कारण मात्र कोणाकडे नाही. दूधवाल्याशी दोन शब्द, औषधवाल्याशी दोन. तुमच्या "कधी येणार, खांद्यावरून"वर मी घरात एकटा मोठ्यानं हसलो.

आता लिहिणं जमेल असं वाटत नाही. दुसऱ्याकडून लिहून घेणं मला आवडत नाही. फोन केला असता, तर तुम्हाला ऐकू येत नाही. माझा हात गेला, तुमचे कान गेले. इथे थांबावं लागेल. इलाज दिसत नाही.

तुम्ही इंजिन गंगेत सोडलंत ते मला चुकीचं वाटत नाही.

काशीनाथ गायधनी


मंगला गौरी
१३ जानेवारी २०२५

काशीनाथजी,

थांबावं लागेल म्हणे! तुम्ही हुकूम काढणार आणि मी ऐकणार? मला ऐकूच येत नाही, हे विसरलात वाटतं.

दहा दिवसांचं पत्र तुम्ही लिहिलंत. ते मी दहा दिवसांचं म्हणूनच वाचलं. अक्षराला काही झालेलं नाही. मला एकेक अक्षर लागलं.

आता एक सांगते, जे ओजसलाही ठाऊक नाही. मला ओठांवरचं बोलणं कळतं. पण फक्त मराठी, आणि तेही एकाच माणसाचं. कान जायला लागले तेव्हापासून आमचे हे माझ्यासमोर बसून बोलायचे. रोज, तासन् तास, तेच तेच. "पाणी दे" आणि "पाणी घे" ह्यात ओठ कसे वेगळे दिसतात त्याची तालीमच करायचो आम्ही. त्यांची मिशी आड यायची, तर एके दिवशी न सांगता काढून आले. मी ओळखलंच नाही, दाराशी कोण उभं आहे म्हणून हिंदीत विचारलं. हिंदी बोलणाऱ्यांचे ओठ मला वाचता येत नाहीत. जन्म इथे गेला, हिंदी मला पाण्यासारखी येते, पण ती कानानं शिकलेली. डोळ्यांनी शिकले ती मराठीच. म्हणून हे गेले तेव्हा माझ्यासाठी सगळं गावच मुकं झालं. गल्लीत सगळे ओठ हलवत असतात आणि मी खालमानेनं घरी येते.

दुसऱ्या कोणाची मराठी मला दिसेल का, हे मला माहीत नाही. करून बघायला इथे माणूसच नाही. भीती वाटते. समजा एक अक्षर कळलं नाही, तर मग कायमचंच कळलं, की जे होतं ते त्या एका तोंडाबरोबर गेलं. वर्षभर ह्याच भीतीनं मी पुण्याला लेल्यांकडेसुद्धा गेले नाही.

पण तुमचं पत्र वाचलं आणि तिकीट काढलं. इथून नाशिक रोडला थेट गाडी येते. अकरा फेब्रुवारीला निघते, बारा तारखेला उतरेन. माझी मैत्रीण कुमुद नाशिकला सराफ बाजारात राहते, उतरायची सोय तिच्याकडे, तेव्हा लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तुम्ही बोलायचं, मी बघायचं. उत्तरं मी तोंडानं देईन, माझा आवाज अजून खणखणीत आहे असं मिश्राजींच्या तोंडावरून वाटतं. हाताची गरजच नाही. काही दिसलं नाही तर समोरासमोर बसून चहा पिऊ आणि मी परत येईन.

तुम्हाला मिशी आहे की नाही हे मी विचारलेलं नाही. असली तर असू दे, मी प्रयत्न करीन.

शरदिनी


देवळाली कॅम्प
२७ जानेवारी २०२५

शरदिनीबाई,

मिशी होती. बेचाळीस वर्षांची. आज काढली. हातामुळे स्वतः जमत नाही, न्हाव्याकडे गेलो. त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना?

आरशासमोर बसून सावकाश बोलायची तालीम करतो. पाणी दे, पाणी घे. प्रभावती गेल्यापासून ह्या घरात इतकं कोणी बोललं नव्हतं.

बारा तारखेला स्टेशनवर आहे. गाडी उशिरा आली तरी थांबेन.

काशीनाथ